बरड वावर, नागपूरची टोपली आणि मे महिन्यातली फुलकोबी

उमरेडरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शेतीवरचे इथले धागे नेमाने वाचतो. त्यात निम्मे "रसायनं म्हणजे विष" वाले असतात आणि निम्मे "सेंद्रिय म्हणजे थोतांड" वाले. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे, पण तो जमिनीपासून सुरू होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

उमरेड रस्त्यावरून आत वळलं की आमचं चार एकर वावर. खालचा नाल्याकडचा भाग काळा, वरचा बरड, मुरूम उघडा पडलेला. वडिलांच्या काळात सगळीकडे सोयाबीन आणि ओलीत पुरेल तेवढा गहू. दर उन्हाळ्यात नांगरटी, काडीकचरा पेटवून वावर "साफ". आता उताराला आडवी पेरणी आहे, धुऱ्यावर (बांधावर) पाल्याच्या खतासाठी गिरीपुष्प लावलंय, काहीही पेटवायचं नाही आणि जमीन उघडी ठेवायची नाही. पाऊण एकरात भाजी, बाकीच्यात तूर, मूग, ज्वारी, थोडं जवस. बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगरातली काही घरं आठवड्याला एक टोपली घेतात. दलाल नाही, कळमन्याची आडत नाही.

हे सगळं भोंगळ वाटत असेल तर एक गोष्ट करून पाहा. धुऱ्यावरच्या बाभळीखालून सुपारीएवढं ढेकूळ घ्या. तिथून वीस पावलं आत, वावराच्या मधून तेवढंच दुसरं घ्या. दोन्ही सावलीत खडखडीत वाळवा. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरा, वर चहाची गाळणी ठेवा आणि ढेकळं अलगद सोडा. वावरातलं ढेकूळ बुडबुडे सोडत बघता बघता विरघळतं, तळाला पीठ बसतं, पाणी गढूळ. बाभळीखालचं तसंच बसून राहतं, पाणी निवळ. मृगाच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात वावरात हेच होतं. विरघळलेली माती बारीक छिद्रं बुजवते, वर खपली धरते, आणि पाणी मुरायचं सोडून मातीला घेऊन नाल्याला लागतं. नागपूरला वर्षाकाठी हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस होतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका एकरावर चाळीस लाख लिटर पाणी पडतं. एवढं पाणी येऊन दिवाळीला विहीर तळाला जात असेल तर गोम पावसात नाही, ढेकळात आहे.

आता गिऱ्हाईक. दिवाळी ते होळी सगळे खूश. वांगी, मेथी, पालक, पोपटाच्या शेंगा, भेदरे (टमाटे), सांबार (कोथिंबीर). एप्रिल लागला की निरोप सुरू होतात: फुलकोबी नाही का? सांबार का नाही? पुन्हा लवकीच (दुधी)? मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना सांबार दोन बोटं वाढतो आणि फुलावर येतो. नेट लावून, रोज पाणी देऊन काढताही येईल, पण मग ज्या पाण्यावर आंब्या-शेवग्याची रोपं जगवायची ते सगळं पानात जाणार. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून काय कराल? आणि ज्यांनी अशी शेती केली आहे त्यांनी हे कसं निभावलं?

काटोलचा_तात्या

ढेकळाचं बराबर हाय. पण भाऊ, चार एकरात चार दाणे पिकवून शहरातल्या बाईले टोपली नेऊन देणं, याले शेती म्हनाचं का दुकान? आमच्या इकडे संत्र्याचे बगीचे हायत. डिंक्या रोगानं झाडं वाळून रायली, आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) गारपिटीनं झोडला, बोअर किती खाली गेल्या ते सांगत नाई. तिथं गिरीपुष्पाचा पाला टाकून काय होते? श्रीलंकेनं २०२१ मंदी रासायनिक खत बंद करून पायलं ना? सहा-सात महिन्यात फिरवला निर्णय. धानच बसलं खाली.

दूरदेशी

फार सुंदर धागा! मातीशी नाळ जोडलेली माणसं अजून आहेत हे वाचून बरं वाटलं. मीही निवृत्तीनंतर गावी परतून असंच काही करायचं म्हणतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

काटोलचा_तात्या

या ना बाप्पा. वखर धराले मानूस भेटून नाई रायला.

मातीमाय

मृद विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. दोन-तीन गोष्टी तेवढ्या स्पष्ट करते.

ढेकळाची चाचणी चांगली आहे, पण तुलना एकाच जातीच्या मातीची करा. खालच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यातल्या भेगा त्याच्याच. त्यामुळे चांगल्या काळ्या मातीचं ढेकूळही ग्लासात फुटू शकतं. बरडाची बरडाशी आणि काळीची काळीशी तुलना करा. बाभळीखालचं ढेकूळ टिकतं कारण मुळांतून पाझरणारा चिकट द्रव आणि बुरशीचे धागे मातीच्या कणांना बांधून ठेवतात. नांगर फिरला की ते धागे तुटतात, आतला सेंद्रिय पदार्थ उघड्यावर येतो, आणि आपल्या उन्हात तो झपाट्याने जळतो. थंड देशातले आकडे इथे लावू नका. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का ओलांडतानाच घाम फुटतो.

श्रीलंकेबद्दल तात्यांशी अर्धी सहमत. एका हुकुमाने अख्ख्या देशाचं खत बंद करणं आणि एका माणसाने आपल्या चार एकरांत सवड घेऊन पालट करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण नत्राचा हिशेब दोघांनाही चुकत नाही. बरेच नैसर्गिकवाले तिथेच डोळेझाक करतात.

उमरेडरोड

मॅडम, तो हिशेबच मांडा ना. इथे बऱ्याच जणांचा समज आहे की जीवामृत ओतलं की झालं.

मातीमाय

मांडते. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकरांच्या जीवामृताच्या प्रचलित कृतीत एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. शेण, गोमूत्र आणि बेसन यांतलं नत्र मोजलं तर सगळं मिळून पाव किलोच्या आसपास भरतं. आता एकरी आठ क्विंटल सोयाबीन बघा. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, म्हणजे नुसत्या दाण्यातून ५० किलो नत्र वावराबाहेर जातं. सोयाबीन हवेतलं नत्र बांधतं, पण बांधलेलं बहुतेक दाण्यात भरून बाजारात जातं. पाव किलो आणि पन्नास किलो यांची गाठ कशी घालणार? जीवामृत हे विरजण आहे. विरजण कितीही गोड असलं तरी दूध लागतंच, आणि इथे दूध म्हणजे काडीकचरा, शेणखत, हिरवळीचं खत, द्विदल पिकं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. पाच टनांत २५ किलो, तेही पहिल्याच वर्षी सगळं हाती लागत नाही.

म्हणून मला पहिला प्रश्न पडतो तो हा: तुमच्याकडे जनावरं किती? आणि ती काय खातात?

उमरेडरोड

दोन गाई, एक गोऱ्हा. कुटार (मळणीचा भुसा) आणि कडब्यावर. कडबा पुरत नाही, विकत आणतो.

पऱ्हाटी_हिंगणघाट

"काहीही पेटवायचं नाही" हे सोयाबीनवाल्यांना सोपं आहे. आमच्याकडे पऱ्हाटी असते, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. ती धुऱ्यावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळी त्यात आरामात मुक्काम करते. नागपूरची कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडते आहे: फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कापूस आटपा, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा. श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडली तर पुढचं पीक पिवळं पडतं, कारण लाकडासारखी काडी कुजवायला जमिनीतले जीव नत्र स्वतःच ओढून घेतात. आम्ही आता गटात श्रेडर भाड्याने आणतो. भुगा गाडत नाही, तुरीच्या ओळीत वरून पसरतो. वर राहिला की नत्राची ओढाताण फारशी होत नाही, तण दबतं, आणि मेमध्ये त्याखाली हात घातला तर माती गार लागते. पण श्रेडरचं भाडं, डिझेल, माणूस... पेटवायला एक काडी लागते. लोक का पेटवतात ते समजून घ्या.

रानभाजी

नांगरणीचा विषय निघाला म्हणून. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा) पद्धत आपल्याकडेही कापसात लोक करतात. गादीवाफे एकदाच पाडायचे, पुन्हा नांगरायचं नाही, पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मुळं कुजली की पोकळ्या राहतात, त्यातून पाणी आणि हवा खाली जाते, गांडुळं वाढतात. मला पटते. एकच खुपतं, त्यात तणासाठी तणनाशक मारतात.

उमरेडरोड

खुपतं खरं. पण नांगरायचंही नाही आणि तणनाशकही नाही, तर निंदण आलं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज तीनशेच्या खाली नाही, आणि त्यांनी तरी कमी का घ्यावा? २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले, तरी गावातल्या दुकानात विचारून बघा. मी मधला रस्ता धरलाय. भाजीत जाड आच्छादन आणि विळ्याने कापणी, तुरीत डवरा, आणि वरच्या बरडाला नांगर लावतच नाही. कुंदा आणि हराळी असेल तिथे मात्र खणूनच काढावी लागते, त्यात तत्त्वज्ञान चालत नाही.

बेसावासी

मी टोपली घेते. (यांचीच असेल, नसेल, ते जाऊ द्या.) गिऱ्हाइकाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहिते.

सकाळी साडेसातला दोन डबे भरायचे असतात. मुलगा लवकी बघून ताटावरून उठतो. नवऱ्याला ढेमस म्हणजे आजारपण वाटतं. टोपलीत सलग तीन आठवडे लवकी, ढेमस आणि कोहळं आलं की मी मुकाट गोकुळपेठेत जाते आणि फुलकोबी घेते. मग टोपलीतली लवकी पडून राहते आणि पुढच्या महिन्यात टोपली बंद. यात माझं काही चुकतं असं मला वाटत नाही. "हंगामातलं खा" हे सांगायला सोपं आहे, रांधणारी बाई एकच असते. आणि चैत्रात पाहुणे आले की सांबारवडी लागतेच, मग सांबार कुठून का येईना!

काटोलचा_तात्या

हे बोल्ली खरं!

उमरेडरोड

ताई, तुमचं पोस्ट वाचून राग आला नाही, उलट बरं वाटलं. बंद करणारे बाकीचे कारणही सांगत नाहीत.

रानभाजी

ताईंना एक सुचवू का? मे महिन्यात ताजं मागण्याऐवजी साठवणीचं मागा. आपल्या आज्या काय करायच्या? माघात हरभऱ्याचा पाला खुडून वाळवायच्या. गवार, मेथी वाळवायच्या. सांडगे, वड्या, जवसाची चटणी. कोहळं शिंक्यात महिनोन्‌महिने टिकतं. कांदा-लसूण, तुरीची डाळ, अंबाडीच्या फुलांचं सरबत. थंडीत वावरात भाजी उतू जाते आणि शेवटी गाईला घालावी लागते, तीच वाळवून मेमध्ये टोपलीत आली तर पाणीही वाचतं. आणि पाऊस पडला की तरोटा, केना, घोळ, काटेमाठ. निंदणात फेकता ते ताटात येतं. पूर्वेकडून बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) मिळतात ते वेगळेच. तरोट्याची कोवळी भाजी लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर. भाकरी मात्र ज्वारीचीच.

बेसावासी

वाळवलेली हरभऱ्याची भाजी चालेल, आई करायची. तरोट्याबद्दल विचार करून सांगते. ज्वारी मात्र खरंच हवी आहे. माझी साखर सीमेवर आहे, डॉक्टरांनी पोळी कमी करा म्हटलंय. दुकानातली ज्वारी कुठली, किती जुनी, काही कळत नाही.

मातीमाय

थांबा, ताईंनी नकळत मर्मावर बोट ठेवलं. मघाशी मी जनावरांबद्दल विचारलं ते याच्याचसाठी.

आपल्या भागातलं खरिपाचं मुख्य धान्य एकेकाळी ज्वारी होतं. कापूस, तूर आणि ज्वारी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीन आलं, हाती रोख पैसा आला, ज्वारी मागे पडली. आपण म्हणतो एक पीक गेलं, दुसरं आलं. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तसं जनावर पाळणं परवडेना. बैल विकले, ट्रॅक्टर आला. शेणखत संपलं. सोयाबीनचा पालापाचोळा वावरातच गळतो आणि पावसाळा संपेस्तोवर कुजूनही जातो, कुटार गोठ्याकडे जातं, जमीन आठ महिने उघडी पडते. ज्वारीची धांडं आणि तिची दाट तंतुमय मुळं जमिनीला जे देत होती ते कशानेच भरून निघालं नाही. कर्ब कमी झाला तो नुसत्या युरियाने नाही, ताटातून भाकरी गेली म्हणूनही.

उमरेडरोड, तुम्ही विकत आणता तो कडबा तुमच्याच वावरात व्हायला हवा. आणि तो तेव्हाच होईल जेव्हा दाण्याला गिऱ्हाईक असेल. टोपलीतल्या फुलकोबीवर एवढा खल चाललाय, पण जमिनीचा पालट भाजीच्या पाऊण एकरात होणार नाही, उरलेल्या सव्वातीन एकरांत होईल. तिथे काय पेरायचं ते शहरातल्या ताटातलं धान्य ठरवेल.

काटोलचा_तात्या

मॅडम, ज्वारी काऊन सोडली ते आमाले इचारा. एक, पाखरं. अख्ख्या शिवारात एकट्याचीच ज्वारी असन तर गावातली सारी पाखरं त्याच्याच वावरात जेवाले येते. पयले साऱ्याईची ज्वारी राहे, मंग पाखरानं खाल्लं तरी वाटून जाये. दोन, रानडुक्कर अन् रोही (नीलगाय). रातभर माचीवर बसनारा सालदार आता कोन्त्या गावात हाय? तीन, खरीप ज्वारी कापनीले आली का परतीचा पाऊस, अन् दाना काळा. काळ्या दान्याले व्यापारी अर्ध्या भावानं इचारते. सोयाबीनले हे लफडं नाई.

मातीमाय

तिन्ही कारणं खरी आहेत. दाणा काळा पडतो तो बुरशीने, कणीस भरताना पाऊस लागला की. पेरणीची वेळ आणि वाण पाहून धोका कमी होतो, जात नाही. रब्बी ज्वारीला तो त्रास नाही, पण तिला ओल धरणारी खोल काळी जमीन लागते, बरडावर नाही जमणार.

पऱ्हाटी_हिंगणघाट

डुकरांसाठी आम्ही सोलरचं झटका मशीन लावलंय. एकट्याला परवडत नाही, शेजारशेजारच्या चौघांनी मिळून एकच कुंपण केलं तर खर्च वाटला जातो. पाखरांचंही तेच. एकाच शिवारात लागून-लागून पेरा.

अवांतर: पाच शेतकरी जमले तर पीजीएसचा, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सहभागी हमी पद्धतीचा, गटही होतो. एकमेकांची वावरं एकमेकांनीच तपासायची, त्रयस्थ संस्थेचं महागडं प्रमाणपत्र नको. पालटाच्या काळात पीजीएस-ग्रीन, पुढे पीजीएस-ऑरगॅनिक. कागदं भरताना जीव जातो, पण शहरातला माणूस "खरंच सेंद्रिय कशावरून?" विचारतो तेव्हा दाखवायला काहीतरी असतं.

दूरदेशी

यवतमाळच्या सुभाष शर्मांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ना? त्यांचीही नैसर्गिक शेतीच.

पऱ्हाटी_हिंगणघाट

हो, मिळाली. त्यांच्या कामात पाणी जागच्या जागी मुरवणं आणि जमीन झाकलेली ठेवणं यावर सगळा भर आहे. पण त्यांचं बघून एकट्याने उडी मारणारे बरेच पाहिलेत. शेजारी कोण पेरतो हेही बघावं लागतं.

उमरेडरोड

प्रतिसादांबद्दल आभार. दोन-तीन दिवस लिहिलं नाही कारण शेजाऱ्यांशी बोलत होतो.

आमच्या बांधाला बांध लागून असलेले चौघे तयार आहेत, मी पाचवा. प्रत्येकी एक एकर, सलग पट्टा, नाल्यापासून वरपर्यंत. खरीप ज्वारी, दर काही ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, आणि मधे मूग. मूग आधी निघतो, त्याचा पाला तिथेच कुजतो. तूर मागे राहते म्हणून ज्वारी निघाल्यावरही वावर उघडं पडत नाही. कडबा ज्याचा त्याच्या गोठ्यात. कुंपण सामाईक. पाखरं राखायला दोन माणसं, कणसं भरल्यापासून कापणीपर्यंत, त्यांचा रोज पाचांत वाटून.

चौघांची अट एकच आहे आणि ती रास्त आहे. पेरणीआधी निम्म्या दाण्याचं तरी गिऱ्हाईक ठरलेलं हवं, आणि थोडा इसार. नुसतं "छान उपक्रम" नको. म्हणून टोपलीवाल्या घरांना मी आता मेमधल्या फुलकोबीबद्दल समजावत बसणार नाही. उन्हाळ्याची टोपली छोटी करतो आणि स्वस्त करतो: कांदा, कोहळं, वाळवलेली भाजी, डाळ, असेल तेव्हा भेंडी-लवकी. फुलकोबी तुम्ही गोकुळपेठेतूनच घ्या, माझी ना नाही. त्याऐवजी वर्षाची ज्वारी आणि तूरडाळ माझ्याकडून घ्या.

बेसावासी

हे जमेल. माझे दोन कट्टे लिहा. कट्टा तीस किलोचा की पन्नासचा? आणि परतीच्या पावसाने दाणा काळा पडला तर माझा इसार बुडला का?

उमरेडरोड

तीसचा. काळा पडलेला दाणा तुम्हाला देणार नाही, तो कोंबड्यांना. तेवढ्या इसाराची तूरडाळ देऊ. तूर परतीच्या पावसाने सहसा जात नाही, उलट त्या ओलीवर पोसते. दोन्ही गेलं तर इसार पुढच्या वर्षावर, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरबुर नको.

बेसावासी

चालेल. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकते. चौथ्या मजल्यावरच्या काकू लगेच घेतील, बाकीचे "दळून मिळेल का" विचारतील.

उमरेडरोड

दळून नाही. पिठाला कडवटपणा येतो, मग नाव ज्वारीचं खराब होतं. लागेल तसं गिरणीतून काढा.

काटोलचा_तात्या

अन् कडबा इकनार अशीन तर दोन बंड्या मले सांग. संत्र्याच्या आळ्यात आच्छादनाले पाह्यजे. बुंध्याले चिकटवनार नाई, डिंक्या वाढते, हे मलेबी मालूम हाय, मॅडमनं सांगाची गरज नाई.

मातीमाय

सांगणारच होते. :)